गुणफलक बंद पडला? स्विचला हात लावण्याआधी त्याच्याकडे नीट बघा

सामना रंगात आलेला असतो. २९–२७, शेवटची पाच मिनिटं. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो आणि नेमका त्याच वेळी मैदानाच्या कोपऱ्यातला एलईडी गुणफलक अर्धा काळा होतो. शिट्ट्या सुरू होतात. दोन्ही संघांचे पाठीराखे गुणलेखकाच्या टेबलाभोवती गोळा होतात. मंडळातला कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. फलक परत येतो खरा, पण दोन्ही बाजूंना शून्य असतं आणि घड्याळ २०:०० दाखवत असतं. आता वाद फलकाचा राहत नाही, निकालाचा होतो.

थंडी सुरू झाली की गावोगाव प्रकाशझोतातले कबड्डी सामने सुरू होतात. पूर्वी तिथे खडूचा फळा असायचा किंवा खिळ्याला अडकवायच्या पत्र्याच्या आकड्यांच्या पाट्या. आता तालुक्याच्या स्पर्धेलाही भाड्याने एलईडी फलक येतो. तो उभारणारा माणूस बहुतेकदा जोडणी करून पुढच्या गावाला निघून जातो. मागे उरतो ‘याला लॅपटॉप येतो’ म्हणून टेबलावर बसवलेला मंडळाचाच एखादा मुलगा किंवा मुलगी. रात्री साडेदहाला फलक रुसला की सगळं मैदान त्याच्याकडे बघतं. हा लेख प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे.

फलक कुठे बिघडलाय हे बहुतेक वेळा तो स्वतःच दाखवत असतो. काळा पडलेला भाग कोणत्या आकाराचा आहे, आकडे गोठलेत की विस्कटलेत, रंग बदललाय का, हे अर्धा मिनिट शांतपणे पाहिलं तर निम्मं काम झालेलं असतं. घाईने स्विच मारला की तो पुरावाच पुसला जातो.

## लॅपटॉपपासून दिव्यापर्यंतचा रस्ता

बाहेरून फलक म्हणजे एक मोठी पेटी वाटते. प्रत्यक्षात तो एका रांगेत जोडलेल्या बऱ्याच वस्तूंचा मिळून बनलेला असतो.

सुरुवात लॅपटॉपवरच्या गुण नोंदवायच्या प्रोग्रॅमपासून होते. लॅपटॉपचं चित्र एचडीएमआय केबलने एका छोट्या डब्यात जातं. त्याला सेंडिंग बॉक्स म्हणतात. तिथून इंटरनेटसाठी वापरतात तसली निळी-करडी लॅन केबल फलकापर्यंत जाते. फलकाच्या पाठीमागे रिसिव्हिंग कार्ड असतं. आलेल्या चित्रातला आपल्या वाट्याचा तुकडा ते उचलतं आणि चपट्या फ्लॅट केबलने एकापुढे एक लावलेल्या मॉड्यूलना देतं. मॉड्यूल म्हणजे दिव्यांची चौकोनी पाटी. मैदानावर सर्रास दिसणारं पी-१० मॉड्यूल ३२ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच असतं. त्यात ३२ गुणिले १६ म्हणजे ५१२ ठिपके, आणि दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर. पी-१० मधले १० ते हेच.

या सगळ्याला वीज पुरवण्याचा मार्ग मात्र वेगळा आहे. २३० व्होल्टची वीज एसएमपीएस नावाच्या जाळीदार डब्यात जाते आणि ५ व्होल्टची होऊन मॉड्यूलना मिळते. एक एसएमपीएस काही ठरावीक मॉड्यूलच सांभाळतो, म्हणून मोठ्या फलकात ते बरेच असतात.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायची गरज नाही. एक ड्रिपर चोंदला तर एकच झाड सुकतं. लॅटरल मध्येच दुमडली तर तिथून पुढची सगळी ओळ सुकते, मागची हिरवी राहते. व्हॉल्व्ह बंद असेल तर अख्खा प्लॉट जातो आणि मोटर बंद पडली तर सगळं शेत. सुकलेल्या भागाचा आकार बघूनच शेतकरी ठरवतो की बांधावर जायचं की विहिरीवर. फलकाचंही अगदी असंच आहे. फरक एवढाच, की इथे पाइपांची दोन जाळी आहेत, एक माहितीचं आणि एक विजेचं, आणि दोन्हींचे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. ही न जुळणारी मांडणीच आपल्या कामाला येते.

## काळ्या भागाचा आकार काय सांगतो

एखादा ठिपका गेला असेल तर दिवाच गेलाय. सामन्याच्या दिवशी त्याकडे बघायचंही नाही.

एकच मॉड्यूल पूर्ण काळं पडलंय आणि त्याच्या पुढची व्यवस्थित चालू आहेत, तर त्या मॉड्यूलला वीजच मिळत नसावी, असं पटकन वाटतं. पण थांबा. माहिती एका मॉड्यूलमधून पुढच्यात जाते. मॉड्यूलच्या पाठीवर बाण छापलेला असतो तो हीच दिशा दाखवतो. पाटीची वीजच गेली, तर पुढच्या पाट्यांनाही माहिती मिळायला नको. त्यामुळे पुढचं सगळं नीट असेल तर त्या पाटीच्या आतलं, दिवे चालवणारं सर्किट गेलंय. पाटी बदला.

उलट, एका आडव्या ओळीत तिसऱ्या मॉड्यूलपासून शेवटापर्यंत सगळं काळं किंवा कचऱ्यासारखं दिसत असेल, तर दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या मॉड्यूलच्या सांध्यात आहे: दुसऱ्याची बाहेर जाणारी खाच, तिसऱ्याची आत येणारी खाच किंवा मधली फ्लॅट केबल. फलक टेंपोतून खडखडत आलेला असतो, त्यामुळे नव्या मैदानावर पहिला संशय नेहमी या फ्लॅट केबलवर घ्यावा. ती दाबून नीट बसवली तरी पुष्कळदा काम होतं. हे करताना फलकाची वीज मात्र बंद हवी. चालू विजेत केबल ओढली किंवा एक पिन सरकवून लावली, तर एका पाटीचा दोष दोन पाट्यांचा होतो.

अख्खी ओळ अगदी पहिल्या मॉड्यूलपासून गेली असेल तर रिसिव्हिंग कार्डाच्या त्या ओळीच्या खाचेकडे बघा. खात्री करायची सोपी रीत आहे: शेजारच्या चालू ओळीची केबल आणि या ओळीची केबल कार्डाच्या बाजूला आपसात बदलून लावा. काळेपणा दुसऱ्या ओळीत गेला तर दोष कार्डात, तिथेच राहिला तर दोष ओळीत. कोणताही सुटा भाग न आणता, नुसत्या अदलाबदलीने उत्तर मिळतं. दुरुस्तीतली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच आहे.

बऱ्याच ओळींचा मिळून एक मोठा चौकोन गेला, तर त्या चौकोनाचं रिसिव्हिंग कार्ड किंवा त्याच्याकडे येणारी लॅन केबल बघायची. कार्ड आणि केबल ठीक असतील तर कार्डावरचा छोटा दिवा ठेक्यात लुकलुकतो.

आता विजेचं. काळा भाग ओळींच्या हिशेबात बसत नाही, दोन ओळींतल्या काही पाट्या गेल्यात, चौकोन वेडावाकडा आहे, असं असेल तर मागे जाऊन त्या पाट्यांना वीज देणारा एसएमपीएस शोधा. माहितीचं जाळं आणि विजेचं जाळं वेगळं असण्याचा फायदा इथे कळतो. काळा आकार ज्या जाळ्याच्या विभागणीशी जुळतो, दोष त्या जाळ्यात.

आणि एक फसवा प्रकार. फलक छान उजळलेला आहे, आकडे स्पष्ट आहेत, पण ते हलतच नाहीत. काही रिसिव्हिंग कार्डं अशी बसवलेली असतात की माहिती यायची थांबली तरी शेवटचं चित्र तसंच ठेवतात. वीज ठीक आहे, सिग्नल तुटलाय. हा प्रकार काळ्या फलकापेक्षा वाईट, कारण प्रेक्षकांना आणि पंचांनाही काही बिघडलंय असं वाटत नाही. म्हणून टेबलावरच्या माणसाने दर चढाईला एकदा फलकावरचे सेकंद सरकताहेत ना एवढं बघावं.

## साध्या आकड्यांचा फलक आणि नऊचा पाच

पुष्कळ मंडळांकडे चित्र दाखवणारा नव्हे, तर फक्त आकडे दाखवणारा फलक असतो. प्रत्येक आकडा सात पट्ट्यांचा: वर, मध्ये आणि खाली तीन आडव्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या. सातही पेटल्या की आठ दिसतो.

यातली एक पट्टी गेली की काय होतं ते कागदावर काढून बघा. वरची उजवी पट्टी गेली तर नऊचा पाच होतो. खालची डावी गेली तर सहाचा पाच होतो आणि आठचा नऊ. मधली गेली तर आठ शून्यासारखा दिसतो. सर्वांत वरची गेली तर सात एक होऊन बसतो. म्हणजे २९ गुण असलेला संघ फलकावर २५ वर दिसतो, आणि तो आकडा तुटकाफुटका नसतो, पूर्ण आणि खरा वाटतो. गावच्या सामन्यात यावरून हातघाई व्हायला वेळ लागत नाही.

उलटाही दोष असतो. एखादी पट्टी कायमची पेटलेली राहते. मग शून्याचा आठ होतो आणि एकाचा सात. म्हणून सामन्याआधी दोन चाचण्या करायच्याच: एकदा सगळीकडे ८८, एकदा सगळं कोरं. पहिल्या चाचणीत विझलेली पट्टी सापडते, दुसरीत अडकून पेटलेली. एक चाचणी करून दुसरी सोडली तर निम्मे दोष नजरेतून सुटतात.

मोठ्या आकड्याची एक पट्टी म्हणजे एकामागे एक जोडलेल्या अनेक एलईडींची माळ असते. माळेतला एक दिवा तुटला की पूर्ण माळ विझते. अर्धीच पट्टी पेटत असेल तर एका पट्टीत दोन माळा आहेत आणि त्यातली एक गेलीय. तीच पट्टी सगळ्या आकड्यांत विझलेली असेल, तर दिवे इतक्या ठिकाणी एकदम जात नाहीत. दोष त्या पट्टीला हुकूम देणाऱ्या सामाईक चिपमध्ये किंवा तारेत असतो.

अशा फलकांना लॅपटॉपकडून हुकूम जातो तो बहुधा आरएस-४८५ पद्धतीने, दोन पिळलेल्या तारांतून. जुनी आरएस-२३२ पद्धत १५ मीटरच्या आसपास दमते. आरएस-४८५ मात्र कमी वेगाने १,२०० मीटरपर्यंत पोहोचते, म्हणून मैदानासाठी ती योग्य. तिच्या दोन तारांना ए आणि बी म्हणतात, पण कोणती ए आणि कोणती बी यावर सगळ्या उत्पादकांचं एकमत नाही. त्यामुळे फलक अजिबात दाद देत नसेल तर या दोन तारा उलट करून बघाव्यात. त्याने काही बिघडत नाही. तारांच्या या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध हवा. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध गायब आहे किंवा तार मध्येच तुटलीय. फलक काहीतरी दाखवतो पण भलतंच दाखवतो, तर प्रोग्रॅममधला माहितीचा वेग, म्हणजे बॉड रेट, फलकाच्या वेगाशी जुळतोय का बघा. एक ९६०० ने बोलतोय आणि दुसरा १९२०० ने ऐकतोय, असं असेल तर अर्थ लागणार नाही.

## ‘पण घरी तर चालत होता!’

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि ती खरीही असते. घरी किंवा गोदामात तपासताना फलक कमी उजेडावर, थोडेच आकडे दाखवत असतो, आणि वीज भिंतीतल्या प्लगची असते. मैदानावर तोच फलक पूर्ण उजेडावर, प्रायोजकाची पांढरीशुभ्र जाहिरात दाखवत, जनरेटरवर चालतो. दोन वेगळ्याच परिस्थिती आहेत या.

पी-१० चं एक मॉड्यूल पूर्ण पेटलं की चारेक अँपिअरपर्यंत वीज ओढतं. ४० अँपिअरचा एसएमपीएस असेल आणि त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर थांबायचं असेल, तर आठ मॉड्यूल झाली की हिशेब संपला. पैसे वाचवायला त्यावर बारा लावली, तर नुसते आकडे दाखवताना काहीच कळत नाही. पांढरी जाहिरात लागली की एसएमपीएस मान टाकतो.

तारेचा हिशेब तर त्याहून महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. समजा, एसएमपीएस पावसापासून वाचवायला फलकापासून ५ मीटर दूर ठेवला आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली. जाऊन-येऊन १० मीटर तार. तिचा रोध भरतो ०.०७ ओहमच्या थोडा वर. ऐकायला नगण्य वाटतं. पण त्यातून २० अँपिअर गेले की दीड व्होल्ट तारेतच संपतो, आणि ५ मधून निघालेल्या विजेचे फलकापर्यंत साडेतीनच व्होल्ट पोहोचतात. घरात २३० व्होल्टमधून दीड व्होल्ट गेला तर पंख्यालाही कळत नाही. इथे मात्र जवळजवळ एक तृतीयांश वीजदाब गेला. त्यामुळे ५ व्होल्टची तार नेहमी हातभर आणि जाड असावी. लांब न्यायचीच असेल तर २३० व्होल्टची न्यावी आणि एसएमपीएस फलकाच्या पाठीलाच बसवावा.

वीजदाब कमी पडतोय हे ओळखायची एक छान खूण आहे. रंगीत फलकावर पूर्ण पांढरं चित्र लावा. लाल एलईडीला पेटायला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या आणि निळ्याला ३ च्या आसपास लागतात. दाब घसरला की हिरवा-निळा आधी मंदावतो, लाल टिकून राहतो. म्हणून पांढरा रंग ओळीच्या टोकाकडे गुलाबी किंवा लालसर होत गेला, तर मॉड्यूल खराब नाहीत, त्यांना वीज पुरत नाहीये. या एका चाचणीने नव्या पाट्यांचा खर्च वाचू शकतो.

जनरेटरचा मुद्दा वेगळा. प्रकाशझोत, डीजे आणि फलक एकाच लाइनवर असतील तर ढोल वाजल्यासारखा दाब खाली-वर होतो. फलक आणि टेबल यांच्यासाठी वेगळी लाइन मागून घ्या. मांडववाल्याला हे आधी सांगितलं तर तो करतो, ऐन वेळी नाही. तीन फेज असलेल्या जनरेटरची न्यूट्रल तार सैल झाली तर एखाद्या फेजवर २३० च्या बरेच वर व्होल्ट येऊ शकतात आणि मग त्या फेजवरचे एसएमपीएस एकदम जातात. काही एसएमपीएसच्या कुशीत ११०/२२० असा सरकता स्विच असतो. तो ११० वर राहिलेला असताना आपली वीज दिली तर डबा गेलाच म्हणून समजा. नवा एसएमपीएस बसवताना पहिलं काम तो स्विच बघणं.

आणि दव. हिवाळ्यातल्या रात्री दहानंतर लोखंडी सांगाडा ओला होतो. फ्लॅट केबलच्या पिनांवर हिरवट थर चढतो तो यामुळेच. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर आणखी लवकर. इथे मला जरा जोर देऊन सांगायचंय: लोखंडी सांगाडा, ओली माती आणि २३० व्होल्ट एकत्र आहेत, आणि आजूबाजूला लहान मुलं खेळत असतात. सांगाड्याला अर्थिंग आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर फलक लावूच नका. आरसीसीबी म्हणजे गळती झाली की क्षणात वीज तोडणारा स्विच. तो सारखा पडतो म्हणून त्याला वगळून जोडणी करणारे लोक आहेत. तो पडतोय म्हणजे गळती होतेय. ती कुठे होतेय हे शोधायचं असतं.

## लॅपटॉपच्या खोड्या

फलकाच्या नावावर खपणारे बरेच दोष मुळात लॅपटॉपचे असतात. मोठ्या पडद्यावर गुणांऐवजी डेस्कटॉपचं चित्र दिसतंय, तर विंडोजची ‘एक्सटेंड’ आणि ‘डुप्लिकेट’ ही मांडणी बदललीय. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबलं की ती परत निवडता येते. आकडे डावीकडे कापले गेलेत, तर पडद्याचं रिझोल्यूशन किंवा अक्षरांचं प्रमाण बदललंय.

स्लीप मोड बंद करा, चार्जर लावा, अपडेट पुढे ढकला, सूचना बंद करा. मंडळाच्या अध्यक्षांचा खासगी निरोप पाच हजार लोकांसमोर दहा फुटी अक्षरांत उमटायला नको. आकड्यांच्या फलकासाठी यूएसबीचा कन्व्हर्टर वापरत असाल, तर तो काढून शेजारच्या खाचेत लावला की विंडोज त्याला वेगळा कॉम पोर्ट क्रमांक, म्हणजे जोडणीचा पत्ता, देऊ शकतं आणि प्रोग्रॅम जुन्याच क्रमांकावर हाका मारत राहतो. खाचेवर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा.

## ‘बंद करून चालू केलं की होतं ना, मग एवढं कशाला?’

कधीकधी होतं, हे खरं. सेंडिंग बॉक्स किंवा प्रोग्रॅम अडकला असेल तर पुन्हा सुरू करणं हाच योग्य उपाय. पण तो सगळ्यात शेवटी, आणि फक्त ज्या भागावर संशय आहे त्याच्यापुरता. मेन स्विच मारल्याने सगळे एसएमपीएस एकदम सुरू होतात, क्षणभर मोठा प्रवाह ओढतात आणि कमकुवत जनरेटर तेवढ्याने बसतो.

शिवाय एक दोष असा आहे की तो बंद-चालू केल्यानेच उघडा पडतो. रिसिव्हिंग कार्डाला आपल्यापुढे कोणत्या जातीची मॉड्यूल आहेत आणि ती कशी मांडलीत हे एका फाइलमधून सांगावं लागतं. ती नुसती पाठवली आणि कार्डात साठवली नाही, तर वीज जाईपर्यंत सगळं छान दिसतं. वीज गेली की कार्ड विसरतं आणि चित्राच्या चिंध्या होतात. ‘काल नीट होता, आज सकाळपासून विस्कटलाय’ असं असेल तर बहुतेक हेच. ती फाइल भाड्याने देणाऱ्याकडून मागून पेनड्राइव्हमध्ये ठेवून घ्या. नवीन कार्ड बसवायची वेळ आली तरी तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आकारावरून काहीच कळत नसेल, पूर्ण फलक काळा असेल, तर रस्त्याच्या मधोमध तपासा. सेंडिंग बॉक्सवर दिवा आहे का? लॅन केबल बॉक्समधून काढून तिथे दुसरी, खात्रीची केबल लावली तर? रिसिव्हिंग कार्डावर बहुधा एक चाचणीचं बटण असतं. ते दाबल्यावर लॅपटॉपशिवाय लाल, हिरवा, निळा रंग उमटले तर कार्डापासून पुढचं सगळं ठणठणीत आहे. दोष अलीकडच्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग. असं केलं तर आठ वस्तूंच्या रांगेतली खराब वस्तू तीन तपासण्यांत सापडते. एका टोकापासून एकेक बदलत गेलात तर आठही बदलून होतील, आणि शेवटी नक्की कशाने सुटलं हेही कळणार नाही.

## ‘मोबाईलमध्ये तर पट्टे दिसतात’

तो बिघाड नाही. मॉड्यूलमधले सगळे दिवे एकाच क्षणी पेटत नाहीत. काही ओळी पेटतात, विझतात, मग पुढच्या, आणि हे इतक्या वेगाने चालतं की डोळ्याला सगळं एकत्र दिसतं. कॅमेऱ्याचा शटर त्याहून झटपट असेल तर त्याला मधली अवस्था सापडते. सामना यूट्यूबवर थेट दाखवणार असाल तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग कमी करून बघा, किंवा जास्त रिफ्रेश रेटचा, म्हणजे ही पेटणं-विझणं आणखी वेगाने करणारा, फलक मागा.

## ‘मग केबलच नको, वायरलेस घेऊ’

दुपारी रिकाम्या मैदानावर वायरलेस उत्तम चालतं. रात्री प्रेक्षक येतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरात शोषल्या जातात. टेबल आणि फलक यांच्यामध्ये माणसांची भिंत उभी राहिली की आकडे अडखळू लागतात. वायरलेस वापरायचंच असेल तर दोन्हीकडचे अँटेना डोक्यांच्या वर, काठीवर बांधा. माझं मत विचाराल तर १०० मीटरच्या आत लॅन केबलच बरी, फक्त चांगल्या तांब्याची, आणि सोबत एक जादा. ती मैदानाच्या कडेने, पायात येणार नाही अशी न्यावी. सोय असेल तर शेवटच्या रिसिव्हिंग कार्डापासून दुसरी केबल सेंडिंग बॉक्सला परत आणतात. मग एक केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने चित्र येत राहतं.

## फलक ठीक असूनही चूक दिसते तेव्हा

१८ जुलै १९७६ रोजी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्समध्ये १० पैकी १० गुण मिळाले. फलकावर उमटलं १.००. काहीच बिघडलं नव्हतं. दशांशाआधी एकच आकडा दाखवता येईल असाच तो फलक बनवलेला होता, कारण पूर्ण दहा कुणाला मिळतील असं गृहीतच धरलं नव्हतं. आपल्याकडे टेनिस बॉल क्रिकेटला दोन आकडी फलक लावला की शंभराव्या धावेला तेच होतं: ०० दिसतं. फलक ठरवतानाच खेळ कोणता हे बघायला हवं.

घड्याळाचा गोंधळही याच जातीचा. चढाईला ३० सेकंद असतात. प्रोग्रॅम उरलेल्या वेळेतला अपूर्णांक सोडून देत असेल, तर शेवटचा जवळजवळ पूर्ण सेकंद फलकावर ० दिसतो आणि भोंगा वाजत नाही. प्रेक्षक ओरडतात, वेळ संपली! संपलेली नसते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीच्या उपांत्य लढतीत घड्याळावर एक सेकंद उरलेला असताना एकामागून एक हल्ले झाले, अखेर जर्मनीच्या ब्रिटा हायडेमानचा वार ग्राह्य धरला गेला आणि दक्षिण कोरियाची शिन आ-लाम अश्रू ढाळत मंचावरच बसून राहिली. त्या एका सेकंदाच्या पोटात किती वेळ शिल्लक आहे हे कुणालाच दिसत नव्हतं. स्पर्धेआधी आपलं घड्याळ शून्य कधी दाखवतं आणि भोंगा कधी देतं हे पंच आणि दोन्ही संघनायकांना एकदा दाखवून ठेवा.

म्हणूनच गुणलेखकाच्या हातातला कागद हाच अधिकृत. फलक फक्त तो कागद लांबून दिसावा म्हणून आहे. दर मिनिटाला गुण आणि उरलेली वेळ कागदाच्या कडेला लिहीत राहिलात, तर फलक पूर्ण गेला तरी सामना थांबत नाही. पत्र्याच्या जुन्या पाट्या भंगारात देऊ नका. टेबलाखाली ठेवा.

## दुरुस्तीवाल्याला फोन करताना

‘डिस्प्ले बंद पडलाय, लवकर या’ एवढ्यावर त्याला काहीच कळत नाही. तो सगळं सामान घेऊन निघतो आणि नेमकं लागणारं विसरतो. त्याऐवजी फलकाचा समोरून पूर्ण फोटो पाठवा. काळा भाग कितव्या ओळीत, कितव्या मॉड्यूलपासून ते सांगा. पूर्ण पांढऱ्या चित्रावर रंग कसा दिसतो, मागच्या कोणत्या डब्याचा दिवा बंद आहे, दोष हळूहळू वाढला की एकदम आला, आणि त्या क्षणी मैदानावर दुसरं काय सुरू झालं होतं, हेही सांगा. प्रकाशझोत लागले तेव्हाच फलक गेला, एवढं एक वाक्य ऐकून तो एसएमपीएस आणि जाड तार घेऊन येईल. ओळीच्या मध्यापासून गेलाय असं कळलं, तर दोन फ्लॅट केबल आणि एक मॉड्यूल खिशात टाकून दुचाकीवर येईल, आणि मध्यंतराच्या पाच मिनिटांत काम उरकेल.